खाली उतरून बघ

चि. विकास यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोनवर बोललो ते बोलायला नको होतं. "एवढं शिकून शेवटी स्टेअरिंगच धरायचं होतं, तर आपला ट्रॅक्टर काय वाईट होता," असं तोंडातून गेलं आणि तू फोन ठेवलास. तुझ्या आईने त्या रात्री ताट आपटूनच ठेवलं माझ्यापुढे. तिकडच्या ट्रेलरवाल्या ट्रकच्या लायसन्सच्या लेखी परीक्षेत तुला २० पैकी १५ पडले, १६ लागतात. एका मार्काचं काय एवढं? मी स्वतः लायसन्सला दुसऱ्या खेपेला पास झालो, हे घरात कुणाला ठाऊक नाही.

तू पाठवलेली कॅलिफोर्नियाच्या ट्रक-लायसन्सच्या पुस्तकातली पानं पिंकीने दोन संध्याकाळ बसून मला मराठीत सांगितली. काहीतरी अवघड असेल वाटलं होतं, निघालं आपलंच. स्टेअरिंगला झटका दिला की शेवटचा ट्रेलर चाबकाच्या टोकासारखा फेकला जातो, आणि तीन ट्रेलर जोडले असले तर शेवटचा एका ट्रेलरच्या गाडीपेक्षा साडेतीन पट सहज पलटी होतो म्हणे. अरे, हंगामात दोन-दोन ट्रॉल्या ओढण्यात माझी वीस वर्षं गेली. खड्डा चुकवायला गेलो की मागची ट्रॉली रस्ताभर शेपूट हलवायची. साडेतीनचा आकडा मला माहीत नव्हता, पण पोटात गोळा यायचा तो त्याचाच.

ट्रकमधून ट्रेलरच्या ब्रेकला हवा नेणाऱ्या नळ्यांचा प्रश्न चुकला म्हणालास. लाल इमर्जन्सीची, निळी सर्व्हिसची. उलट जोडल्या आणि ट्रेलर जुना, स्प्रिंग ब्रेक, म्हणजे हवा गेली की आपोआप लागणारा ब्रेक, नसलेला निघाला, तर गाडी हलते पण ट्रेलरला ब्रेकच नसतो. पिंकीने हे वाचलं तेव्हा मी तिला परत वाचायला लावलं.

आणि ट्रेलर ट्रकला अडकवणारी पिन. ट्रेलरचे ब्रेक लावून हळूच पुढे ओढून बघायचं, एवढं तू सांगितलंस. पुस्तक तिथे थांबत नाही विकास. खाली उतरायचं, बॅटरी घेऊन ट्रेलरखाली वाकायचं. ट्रेलरच्या वरच्या आणि ट्रकच्या खालच्या प्लेटमध्ये फट नाही ना, ट्रकच्या जबड्याने पिनची मान धरलीय ना, का नुसतं डोकं, ते डोळ्यांनी बघायचं. ओढून बघितलं म्हणजे झालं असं नाही.

त्या जानेवारीत पहाटे चारला, कारखान्याच्या वजनकाट्यावर नंबर लवकर लागावा म्हणून मी घाई केली. पिन टाकली, आणि तिच्यातली क्लिप बापूवर सोडली. वरूनच विचारलं, "टाकली का रे?" तो हो म्हणाला, का मलाच तसं ऐकू आलं, हे मी आजवर त्याला विचारलेलं नाही. ओढ्याच्या चढाला मागची ट्रॉली सुटली. पुढचं तुला माहीत आहे. खाली उतरायला मला दोन मिनिटं लागली असती.

तिथे थंडी असेल, अंधार असेल, मालक घाई करेल. करू दे. दुसऱ्याने सांगितलं म्हणून... बघ, परत सुरू झालं माझं. तू दोन लेकरांचा बाप आहेस, आणि मी अजून तुला मडगार्डवर बसवून, "घट्ट धर," म्हणतोय. सहा वर्षांचा होतास, कारखान्यासमोर रांगेत थांबलो की पुढच्या ट्रॉल्या मोजता मोजता माझ्या मांडीवर झोपायचास. अंगाला उसाचा वास. चाळीसच्या पुढे कधी गेला नाहीस मोजताना. तुझी शाळा बुडते म्हणून आई भांडायची, तरी मी न्यायचो. कदाचित त्याचंच हे फळ असेल. चांगलं का वाईट, मला सांगता येत नाही.

गावात कुणाला सांगितलं नाही म्हणालो होतो, ते खोटं. पारावर सगळ्यांना सांगून झालंय, आमचा विकास अठरा चाकांची गाडी चालवणार म्हणून. आता पास हो बाबा.

बापू काल काठी टेकत घरापर्यंत आला होता. "पोराचा नंबर लागला का?" म्हणाला. पुढच्या खेपेला लागेल म्हणालो. चहा घेऊन गेला.

परीक्षेला निघताना फोन कर. इथे रात्र असली तरी कर, मी जागाच असतो.

तुझा,
अण्णा

ता. क. : जबडा बंद करणारा लिव्हर आत गेला का, आणि त्यावरची कडी बसली का, तेही बघायचं असतं. पिंकीने आत्ताच वाचलं.