परिषद भरो न भरो, ट्रक सोडा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सार्कची, म्हणजे दक्षिण आशियातल्या देशांच्या संघटनेची, बैठक पुन्हा कधी, यावर बरंच वाचायला मिळतं. 2014 ला काठमांडूत भरली, त्यानंतर शिखर परिषद नाही. मला त्याची फारशी हळहळ वाटत नाही. कारण सांगतो.

माझं चप्पल लाईनला दुकान आहे. निम्मे जोड कर्नाटकातल्या अथणीहून येतात. हे सांगितलं की 'अस्सल कोल्हापुरी पायजे' म्हणून गिऱ्हाईक तोंड वाकडं करतं. पण कोल्हापुरी चपलेचं 2019 चं भौगोलिक मानांकनच (म्हणजे ठराविक भागातल्या मालालाच ते नाव लावायचा हक्क) मुळी आपल्या चार आणि कर्नाटकच्या चार जिल्ह्यांना मिळून आहे. जीएसटीच्या आधी मिरजेच्या पुढं हद्दीवर कागदपत्रांपायी गाडी रात्रभर उभी राहायची. एकदा दिवाळीच्या तोंडावर परतीच्या पावसात गठ्ठे भिजले, कातड्याला बुरशी धरली. कान, पट्टा सगळं वाया. 2017 ला नाके उठले. सीमाप्रश्न अजून कोर्टात आहे, मधूनच एसटी बंद पडते, पण चप्पल येत राहते.

आता देशाची हद्द बघा. साफ्टा, म्हणजे सार्क देशांतला मुक्त व्यापाराचा करार, 2006 ला लागू झाला, जकाती उतरल्या. तरी दक्षिण आशियाचा आपसातला व्यापार एकूण व्यापाराच्या जेमतेम 5 टक्के. आग्नेय आशियातल्या आसियानवाल्यांचा 20 टक्क्यांच्या वर. आपला ट्रक पश्चिम बंगालच्या हद्दीवरच्या पेट्रापोलहून पलीकडं बांगलादेशातल्या बेनापोलला जातो, तिथं सगळा माल उतरवायचा आणि बांगलादेशी ट्रकमध्ये पुन्हा चढवायचा. हमाली दुप्पट, खोळंबा वेगळाच. गाड्या थेट जाव्यात म्हणून 2015 ला थिंपूत भारत, बांगलादेश, नेपाळ, भूतान यांनी करार केला. भूतानच्या वरिष्ठ सभागृहानं तो पुढच्याच वर्षी नाकारला. (छोटा देश, आपल्या डोंगरातून परक्या गाड्यांची रांग लागेल ही त्यांची भीती मला तरी खोटी वाटत नाही.) बिमस्टेकचा, म्हणजे बंगालच्या उपसागराभोवतीच्या देशांच्या गटाचा, मुक्त व्यापार 2004 पासून चर्चेतच आहे.

इचलकरंजीचे यंत्रमागवाले मला शिव्या घालतील. 2011 मध्ये दारू-तंबाखूसारखे 25 जिन्नस सोडून बांगलादेशी मालाला आपण शुल्क माफ केलं, त्याचा मार त्यांच्या कापडाला बसला, असं ते म्हणतात. त्यांचं ऐकून घेतलंच पाहिजे. पण म्हणून आपला जाणारा माल बेनापोलला उतरवून ठेवण्यात त्यांचा काय फायदा?

पुढची परिषद कुठं भरणार हे विचारण्याआधी, तो माल उतरवायचा प्रकार कधी थांबणार, एवढं आपल्या दिल्लीच्या बातमीदारानं एकदा विचारावं.

आपला,
एक चप्पल व्यापारी, कोल्हापूर