पी-ईच्या शेजारी रोकडही छापा

मा. संपादक,

आपल्या अर्थविषयक पानावरच्या ‘स्वस्त शेअर’ तक्त्यात फक्त पी-ई गुणोत्तर (शेअरची किंमत भागिले प्रति शेअर वार्षिक नफा; आकडा कमी तर शेअर स्वस्त मानतात) असते, म्हणून हे पत्र. मी हौशी गुंतवणूकदार. ५ चा पी-ई पाहून एक शेअर घेतला होता. नफा दरवर्षी वाढत होता, पण कामकाजातून येणारी रोकड सलग ३ वर्षे उणे! माल उधारीवर जात होता, त्याचा नफा हिशेबात धरला जात होता, पण वसुली होत नव्हती. पुढे येणी बुडीत धरली गेली आणि नफाच पुसला गेला. रोख प्रवाहाचे पत्रक मी उघडलेच नव्हते, याची अजून चुटपुट लागते. आता वार्षिक अहवाल शेवटाकडून, म्हणजे हिशेबाच्या टिपांपासून वाचते. चांगला धंदा तात्पुरत्या अडचणीमुळे स्वस्त झाला आहे की आतून पोखरला आहे, याचा अंदाज बहुधा तिथेच येतो. कृपया तक्त्यात रोकड आणि कर्जाचे रकाने वाढवावेत.

– एक नियमित वाचक