बंदरातल्या दिवसाचेही लिहा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

शिडाच्या नौकेतून किनाऱ्याकिनाऱ्याने केलेल्या सफरींची वर्णने आपल्या पुरवणीत येतात आणि मी ती आवर्जून वाचतो. त्यांत एक गोष्ट मात्र नेहमी खटकते. समुद्रावरच्या दिवसांना पानेच्या पाने मिळतात आणि मधल्या मुक्कामाची बोळवण ‘वारा प्रतिकूल असल्याने बंदरातच थांबलो’ एवढ्या ओळीवर होते. सफर तडीस जाते ती बरीचशी त्या गाळलेल्या दिवसामुळे, असा माझा अनुभव आहे.

नौका धक्क्याला बांधली की काम संपले, असे नवख्याला वाटते. मलाही वाटले होते. पहिल्याच सफरीत ऐन भरतीला मी दोर चांगले ताणून बांधले आणि निवांत झोपलो. ओहोटीचे पाणी सहा तास एकाच गतीने उतरत नाही. पहिल्या तासात साधारण बारावा हिस्सा उतरतो, पण मधल्या दोन तासांत निम्मा उतार होऊन जातो, म्हणजे भरती-ओहोटीत चार मीटरचा फरक असेल तर त्या दोन तासांत दोन मीटर. पहाटे करकर ऐकून वर आलो, तर नौका दोरांवर लटकून धक्क्याकडे कललेली होती आणि पुढचा दोर जिथे दगडी कडेवर घासत होता, तिथे त्याच्या तीन पेडांपैकी एक तुटून पिंजारला होता. खुंट्यावरचे वेढे जपून ढिले करत ती सरळ करायला अर्धा तास गेला. अर्थात चूक सर्वस्वी माझीच. त्या दिवशीचे निघणे रद्द केले, नवा दोर लावला आणि हात लागलाच आहे म्हणून बाकीचे सामानही तपासले, तेव्हा डोलकाठीला आधार देणाऱ्या तारेचा एक पदर खालच्या टोकाशी तुटलेला सापडला. भर समुद्रात त्या बारीक काट्याकडे कोणाचे लक्ष गेले असते?

एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारा पहिला माणूस जोशुआ स्लोकम 1895 मध्ये बॉस्टनहून निघाला, तोही आधी ग्लॉस्टर आणि यार्मथ या बंदरांत थांबला होता. यार्मथला त्याने पत्र्याचे एक घड्याळ घेतले. तबकडी फुटलेली असल्यामुळे दीड डॉलरचे ते त्याला एका डॉलरला मिळाले.

निघावे की थांबावे, हा निर्णयही बंदरातच होतो आणि तो सोपा नसतो. आडोशाला वारा निम्मासुद्धा जाणवत नाही. वाऱ्याचा वेग दहा नॉटवरून वीसवर गेला की शिडावरचा दाब मात्र चौपट होतो. त्यातून बंदराच्या मुखाशी बाहेर पडणारी ओहोटी आणि समोरचा वारा भिडले, तर लाटा आखूड आणि उभ्या होतात. शिवाय भरतीची वेळ रोज सुमारे 50 मिनिटांनी पुढे सरकते, म्हणून आजचा बेत उद्या तसाच चालत नाही. सगळा हिशेब पुन्हा मांडावा लागतो.

तेव्हा आपल्या लेखकांनी त्या दिवशी काय उघडून पाहिले, काय बदलले आणि निघण्यावरून नौकेवर कोणाचे काय मत पडले, तेही लिहावे, एवढी विनंती.

आपला,
एक नौकानयनप्रेमी वाचक