मातीची प्रत न तपासता खोदकामाचे परवाने

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पावसाळा ओसरला की नागपूरच्या आसपास वीटभट्ट्यांचा हंगाम सुरू होतो आणि माती उचलण्याच्या तात्पुरत्या परवान्यांसाठी अर्जांची गर्दी होते. माझ्या पाहण्यात आलेल्या अशा अर्जांत गट क्रमांक, क्षेत्र, किती ब्रास माती उचलणार आणि स्वामित्वधन किती भरणार, हे सगळे विचारलेले असते. माती कोणत्या जातीची आहे, हे विचारणारा रकाना मात्र मला अजून दिसलेला नाही. तापरोधक विटांच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरीची सारी वर्षे माती भाजण्यात गेल्यामुळे ही उणीव मला जरा जास्तच खटकत असेल. तरीही ती आपल्या वाचकांसमोर मांडावी, असे वाटते.

नागपूर ज्या जागी वसले आहे तेथे भूस्तरांची तीन घराणी एकमेकांना भेटतात. पश्चिमेला दख्खनचा बेसाल्ट आहे, पूर्वेला त्याहून कितीतरी प्राचीन नाइस आणि शिस्ट हे रूपांतरित खडक आहेत, तर कामठी आणि उमरेडच्या बाजूला कोळसा पोटात घेतलेले गोंडवनी खडक आहेत. बेसाल्ट झिजून झालेली काळी कपाशीची माती मुख्यतः माँटमोरिलोनाइट या खनिजाच्या गटातली असते. ती पाणी प्याली की फुगते आणि वाळली की हात जाईल एवढी भेगाळते. नाइसमधील फेल्डस्पार कुजून पांढरी चिनी माती, म्हणजे केओलिन, तयार होते. कोळशाच्या थरांच्या सोबतीने अग्निमृत्तिका, म्हणजे प्रखर ताप सोसणारी माती, सापडते. एकीची कपबशी होते, दुसरीची भट्टीच्या अस्तराची वीट होते, तिसरीत कापूस पिकतो. परंतु ट्रकमध्ये भरली गेली की तिघींचे नाव ‘माती’ एवढेच उरते.

कायद्यानेही हा फरक थोडा पुसट केला आहे. १० फेब्रुवारी २०१५ च्या अधिसूचनेने केंद्र सरकारने ३१ खनिजे गौण ठरवली. त्यांत चिनी माती, बॉल क्ले आणि अग्निमृत्तिका या तिन्ही होत्या. त्यामुळे त्यांचे नियम करण्याचा आणि पट्टे देण्याचा अधिकार राज्याकडे आला, ही गोष्ट वाईट नाही, कारण मुंबईत किंवा नागपुरात बसून हा विषय दिल्लीपेक्षा बरा समजतो. मात्र वाळू, मुरूम आणि गिट्टीच्या पंगतीत जाऊन बसल्यावर या मातींकडे पाहण्याची नजरही मुरमाची झाली. मुरूम ब्रासने मोजला तर काही बिघडत नाही. माती नुसती ब्रासने मोजली, तर काय होते हे मी स्वतः भोगले आहे.

नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत आमच्याकडे एका खाणीची पांढरी माती आली. सोबतच्या अहवालात ॲल्युमिना, म्हणजे मातीला ताप सोसायला लावणारे ॲल्युमिनियमचे ऑक्साइड, ३२ टक्के आणि लोह एक टक्क्याच्या आत असे आकडे होते; कागदावर याहून चांगली अग्निमृत्तिका मागण्यात अर्थ नव्हता. साहेबांनी माल घ्यायला सांगितले, विटा पाडल्या, वाळवल्या आणि भट्टीत चढवल्या. भट्टी उघडली तेव्हा खालच्या थरांतल्या विटा वरच्या ओझ्याने बसून एकमेकींना चिकटल्या होत्या आणि त्यांच्या कडांवर काचेसारखी चमक आली होती. नंतर तीच माती पाण्यात कालवून चाळणीवर धुतली, तेव्हा चाळणीत बोटाला लागून चमकणारी बारीक पापुद्र्यांची रास उरली. ते पांढरे अभ्रक होते. या अभ्रकात ॲल्युमिना सुमारे ३८ टक्के असतो, म्हणून अहवालातला आकडा खोटा नव्हता. परंतु त्याच अभ्रकात पोटॅशही १२ टक्क्यांच्या आसपास असतो, आणि पोटॅश मातीला लवकर वितळवतो. अहवालात पोटॅशचा रकानाच नव्हता. मला बोलणी बसली ती वेगळीच.

सांगायचे हे की रासायनिक पृथक्करणाने मातीत कोणती मूलद्रव्ये किती आहेत हे कळते, ती कोणत्या खनिजाच्या रूपात आहेत हे कळत नाही, आणि भट्टीत मातीचे वागणे ठरते ते खनिजावर. केओलिनाइट हे चिनी मातीतले मुख्य खनिज; शुद्ध केओलिनाइटमध्ये ॲल्युमिना ३९.५ टक्के आणि रचनेत बांधलेले पाणी १४ टक्के असते. हे पाणी साधारण ४५० ते ६०० अंशांच्या दरम्यान निघून जाते, आणि याच टप्प्यात, ५७३ अंशांना, मातीतली गारगोटी एकदम फुगते. ज्याला हे ठाऊक नाही तो या टप्प्यात भट्टी घाईने तापवतो आणि तडे गेल्याचे खापर मातीवर फोडतो. खनिज ओळखायचे तर क्ष-किरण विवर्तनाचे यंत्र आहे; ते स्फटिकातल्या थरांमधले अंतर दाखवते. त्याच्या आलेखात केओलिनाइटची रेषा ७ अँगस्ट्रॉमच्या जवळ येते, तर ग्लायकॉल या द्रवाने फुगवलेल्या माँटमोरिलोनाइटची १७ च्या जवळ सरकते. दोघांत गल्लत होण्याचे कारण उरत नाही.

एवढे महागडे यंत्र प्रत्येक तालुक्यात हवे, असे माझे म्हणणे नाही. माती मळून दहा-बारा सेंटिमीटरच्या पट्ट्या पाडाव्यात, त्यांवर दोन रेघा ओढाव्यात, सावलीत आणि मग ११० अंशांच्या ओव्हनमध्ये वाळवून रेघांमधले अंतर मोजावे, नंतर ९०० अंशांपासून शंभराच्या पायऱ्यांनी १३०० पर्यंत वेगवेगळ्या भाजून पुन्हा मोजावे, आणि शेवटी पाण्यात उकळून त्या किती पाणी शोषतात ते वजनाने पाहावे. एक लहान विद्युत भट्टी, एक व्हर्नियर, एक तराजू आणि एक चिकाटीचा माणूस एवढ्यावर हे काम भागते. एकदा दोन ठिकाणची माती मी शेजारी शेजारी भाजली होती. कच्ची असताना दोन्ही इतक्या सारख्या पांढऱ्या होत्या की चिठ्ठ्या हरवल्या असत्या तर ओळखता आल्या नसत्या; १२५० अंशांनंतर एक दुधाळ राहिली आणि दुसरी फिकट गाजरी होऊन तिच्यावर लोहाचे काळे ठिपके उमटले. पहिलीच्या बशा झाल्या असत्या, दुसरीची सांडपाण्याची नळी.

नमुना घेण्यात होणारी फसवणूक याहून मोठी असते, आणि ती बहुधा अप्रामाणिकपणातून नव्हे तर आळसातून होते. खड्ड्याच्या काठावरची चांगली दिसणारी दोन घमेली पिशवीत भरणे म्हणजे नमुना नव्हे. ठरावीक अंतरावर चर किंवा बोअर घेऊन दर मीटरची माती वेगळी ठेवावी लागते, ढीग करून चौथाई पद्धतीने, म्हणजे चार भाग करून समोरासमोरचे दोनच ठेवत, कमी करावी लागते, वर किती मुरूम काढावा लागेल आणि खाली पाणी कुठे लागते हेही नोंदवावे लागते. जागच्या जागी कुजून झालेल्या चिनी मातीत तर धुतल्यावर हाती किती उरते हे पाहिल्यावाचून साठ्याचा आकडा बोलूच नये. वाळू आणि अभ्रक गेल्यावर कित्येकदा निम्मीही माती उरत नाही.

विटेच्या मातीलाही हाच न्याय लावायला हवा. हाताने पाडायच्या विटांसाठीच्या भारतीय मानकात चिकणमाती २० ते ३० टक्के, गाळ २० ते ३५ आणि वाळू ३५ ते ५० टक्के असे प्रमाण सुचवले आहे. आपल्या काळ्या मातीत चिकणमातीच अनेकदा निम्म्याहून अधिक असते, म्हणून आपला कुंभार तिच्यात वाळू, राख आणि घोड्याची लीद मिसळत आला. त्याला खनिजशास्त्र शिकवण्याची गरज नव्हती. कोराडी आणि खापरखेड्याच्या वीजकेंद्रांची राख हाताशी असताना तिचा उपयोग मातीची आकसण्याची खोड कमी करण्यासाठीही होतो, हेही महत्त्वाचे आहे. मात्र काळ्या मातीतले चुनखडीचे खडे राखेने हटत नाहीत. ते भट्टीत कळीचा चुना होतात, आणि भिंत बांधून पहिला पाऊस लागला की फुगून विटेचा पोपडा उडवतात. घरमालक गवंड्याला शिव्या देतो. दोष मात्र चाळणी न लावलेल्या मातीचा असतो.

आणखी एका कारणाने हा विषय आता टाळण्यासारखा राहिलेला नाही. भाजलेली केओलिनयुक्त माती आणि चुनखडी क्लिंकरमध्ये, म्हणजे सिमेंटच्या भट्टीतून निघणाऱ्या खड्यांत, मिसळून केलेल्या सिमेंटसाठी भारतीय मानक ब्युरोने २०२३ मध्ये स्वतंत्र मानक काढले. या सिमेंटमध्ये क्लिंकर निम्म्यावर आणता येते, आणि त्यासाठीच्या मातीत केओलिनाइट ४० टक्के असले तरी पुरते; ती पांढरी असण्याचीही अट नाही. म्हणजे कपबशीला नालायक म्हणून आम्ही आयुष्यभर नाकारलेली माती उद्या गिऱ्हाईक मिळवू शकते. चंद्रपूर-यवतमाळकडचे सिमेंट कारखाने येथून दूर नाहीत. वेकोलिने, म्हणजे वेस्टर्न कोलफील्ड्स या कोळसा कंपनीने, कोळशावरच्या माती-खडकांच्या ओझ्यातून वाळू वेगळी काढून दाखवली आहे. त्याच ओझ्यात मातीचे कोणते थर येतात हे ढिगावर ओतण्यापूर्वी तपासले जावे.

हे करण्यासाठी नागपूरला कुणाच्या तोंडाकडे पाहावे लागत नाही. भारतीय खाण ब्युरोचे मुख्यालय आणि हिंगणा मार्गावरची त्यांची खनिज प्रक्रिया प्रयोगशाळा, भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे मध्य क्षेत्र, राज्याचे भूविज्ञान व खनिकर्म संचालनालय आणि काळ्या मातीतील खनिजांचा अभ्यास करणारा राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण ब्युरो, असे सगळे एकाच शहरात आहेत. राज्य संचालनालयाने यांतील एकाच्या आवारात मातीचाचणीची खिडकी उघडावी, तेथे वीटभट्टीवाल्याला आणि कुंभाराला माफक शुल्कात पट्ट्या भाजून मिळाव्यात, आणि ठरावीक ब्रासांच्या वरच्या प्रत्येक परवान्याला तो भाजणी अहवाल जोडणे सक्तीचे करावे. लहान माणसाला त्याचा भुर्दंड पडू नये म्हणून मर्यादा उदार ठेवावी. जमा होणारे निकाल गावनिहाय नकाशावर सर्वांना पाहता यावेत.

मागच्या उन्हाळ्यात एका नव्या रस्त्याच्या भरावात मुरमासोबत पांढरी माती पडताना दिसली. एक ढेकूळ जिभेला लावले तर चिकटले. ओळखीच्या कारखान्यात १२०० अंशांना भाजले, तेव्हा ते एकही तडा न जाता फिकट मलईच्या रंगाचे निघाले. माती कुठून आणली हे ट्रकचालकाला विचारून त्या खड्ड्यापर्यंत गेलो, तोवर खोदकाम संपले होते आणि खड्ड्यात पाणी भरले होते. थर किती जाड होता, हे आता कुणालाच सांगता येणार नाही. माझ्याजवळ चाचण्यांच्या जुन्या वह्या आहेत. संचालनालयाला हव्या असतील तर मी त्या आनंदाने देईन.

आपला विश्वासू,
एक निवृत्त सिरॅमिक रसायनज्ञ, नागपूर