चिठ्ठीवरचं एसओएस

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार. काकांच्या औषधांच्या चिठ्ठीचा फोटो मिळाला. पॅरासिटामॉल ६५० (मिलिग्रॅम) पुढचं 'एसओएस' बघून तू घाबरलास, पण त्यात घाबरण्यासारखं काही नाही. संकटातल्या जहाजांचा, मदत मागायचा एसओएस वेगळा. तो १९०६ साली बर्लिनच्या परिषदेत ठरला, मोर्सच्या टिंब-रेघांत चटकन ओळखू येतो म्हणून. डॉक्टरांचं एसओएस लॅटिन आहे: 'सी ओपुस सित', म्हणजे गरज पडली तर.

ताप किंवा अंगदुखी असेल तरच गोळी, नसेल तर नाही. पण दुखेल तितक्या वेळा असंही नाही रे. दोन गोळ्यांत सहा तास जाऊ देत. मोठ्या माणसाला २४ तासांत ४ ग्रॅमच्या वर पॅरासिटामॉल चालत नाही, आणि काकांच्या वयाला त्याच्या बरंच अलीकडे थांबावं. खरी गफलत होते ती सर्दीच्या गोळीने. तिच्यातही बऱ्याचदा पॅरासिटामॉल असतं. पाकीट उलटून बघ. दोन्ही मिळून मात्रा वाढते, यकृताला इजा होते आणि पहिल्या दिवशी कळतही नाही.

'बीडी' म्हणजे 'बिस दिए', दिवसातून दोनदा. 'टीडीएस' म्हणजे 'तेर दिए सुमेंदुम', तीनदा घ्यायचं. तुझं शाळेतलं संस्कृत आठव: बिस म्हणजे द्विः, तेर म्हणजे त्रिः, आणि 'दिए' दिवसाच्याच कुळातलं. 'एचएस' तर फार सुंदर आहे: 'होरा सोम्नी', झोपेच्या वेळी. लॅटिनमधली ही झोप, सोम्नुस, आणि आपलं स्वप्न सख्खी भावंडं. संस्कृतातही स्वप्न म्हणजे झोप. होरा तर ज्योतिषांकडेही आहे, दोन्हीकडे तो ग्रीकांकडून आला.

जपायचं ते 'ओडी'ला. एरवी ते 'ओम्नी दिए', रोज एकदा. डोळ्यांच्या चिठ्ठीत मात्र 'ओकुलुस देक्स्तेर', उजवा डोळा. उजव्या डोळ्यात चार वेळा घालायचे थेंब लोक दिवसातून एकदाच घालतात ते यामुळे. काकांच्या थेंबांपुढे ओडी आहे, तेव्हा डॉक्टरांना फोन करून डोळा कोणता आणि किती वेळा, दोन्ही विचार.

बाकीच्या पाकिटांवर औषधवाल्याकडून १-०-१ (सकाळ-दुपार-रात्र) अशा आकड्यांत लिहून घे. एसओएसच्या पाकिटावर तूच मार्करने लिही: 'ताप किंवा अंगदुखी असेल तरच, दोन गोळ्यांत सहा तास, दिवसात जास्तीत जास्त तीन.' डॉक्टरांनी वेगळा आकडा सांगितला असेल तर तो.

काकांना नमस्कार सांग.

तुझा,
अविनाश