आई-बाबा, रविवारी येतोय, पण न्यायला नाही

आई, बाबा,

फोनवर आई मधेच "बरं बरं, ठेव आता, जेव वेळेवर" म्हणते आणि बाबा फोन तिच्याकडे देऊन मोकळे होतात, म्हणून हे टाईप करून पाठवतोय. बाबा, चष्मा लावा आणि आईला मोठ्यानं वाचून दाखवा, मधलं काही गाळायचं नाही.

गुडघा बदलायच्या ऑपरेशनचे टाके निघाले की पुण्याला यायचं असं आपलं दवाखान्यातच ठरलेलं. खोली रिकामी झालीय, तुमच्या सुनेनं बाथरूमला धरायचे दांडे पण बसवून घेतलेत, पिल्लूनं दारावर आज्जीची खोली असं लिहून चिकटवलंय. तरी सांगतो, मी रविवारी येतोय पण तुम्हाला न्यायला नाही. आई, तू कोल्हापुरातच राहायचं, निदान दिवाळी होऊन जाईपर्यंत तरी. हे मी ठरवलंय आणि ताईलापण सांगून टाकलंय. आता लगेच तोंड पाडू नकोस, आधी पूर्ण ऐक. आमची अडचण होतेय, आम्हाला जमत नाही असलं काही मनात आणायचं नाही, तसं आणलंस तर मला खरंच फार वाईट वाटेल.

मागच्या वेळी मी संध्याकाळी न सांगता आलो ना, तेव्हा तुम्हाला कुणाला कळायच्या आधी मी थोडा वेळ बोळातच उभा होतो. आत तुझी सगळी शाळा भरलेली, तुमच्या स्टाफरूममधली सगळी माणसं. चित्रकलेच्या बाईंनी सोप्यातल्या फरशीवर खडूनं पावलं काढलेली, डावं उजवं डावं उजवं, पार मागच्या दारापर्यंत, आणि तू वॉकर धरून त्या पावलांवर पाय टाकत होतीस, आणि पीटीचे सर दारातनं ओरडत होते, "टाच आधी बाई, टाच आधी, खाली नका बघू!" त्यांचा तो आवाज अजून तसाच आहे, मी पण नकळत ताठ उभा राहिलो. मग तू खुर्चीत बसलीस आणि गणिताच्या बाईंनी पिशवीतनं फळ्यावरचा तो मोठा लाकडी कोनमापक काढला, तुझ्या गुडघ्याच्या कडेला धरला आणि गुडघा किती वाकतो ते कॅलेंडरच्या मागं लिहिलं, ९५ अंश. त्याच्यावर ८५ आणि ९० होतं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि तू हसलीस. आई, तू तशी हसलेली मी ऑपरेशन ठरल्यापासून बघितलं नव्हतं. माझ्यासमोर व्यायाम करताना तू ओठ दाबून गप्प बसायचीस, आणि मला ते बघवत नाही म्हणून मीच म्हणायचो, राहू दे आज.

तिथंच मला कळलं की पुण्याला तुला काय मिळणार आहे. आम्ही दोघं सकाळी साडेआठला बाहेर, पिल्लू शाळेत, दिवसभर तू आणि बाबा आणि टीव्ही. लिफ्ट बंद पडली की चौथा मजला. फिजिओथेरपिस्ट येईल तासभर, पण बाकीच्या तेवीस तासांचं काय? डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय, गुडघा सरळ व्हायचा आणि वाकायचा ते पहिल्या दोन-तीन महिन्यांतच नीट होतं, नंतर आत कडक झालं की फार जड जातं. जिना चढायलाच नव्वदच्या आसपास लागतो, हाताचा आधार न घेता खुर्चीतनं उठायला त्याच्याहून जास्त. तू आत्ता कुठं ९५ ला आलीयस. या लोकांतनं उचलून तुला पुण्याला आणायचं माझं धाडस होत नाही.

आत्या विचारणारच, मुलगा असून आईला एकटं ठेवलं का म्हणून. तिला मी बोलतो, तुम्ही कुणी उत्तर देत बसू नका. आणि मला वाईट वाटत नाही असं नाही. रात्री झोपताना डोक्यात येतंच की तू आत्ता पाण्याला उठली असशील का, बाबांना हाक मारली असशील का. पण या माणसांना मी काय आज ओळखतोय? माझी शाळा सुटल्यावर मी तुमच्या स्टाफरूममधल्या लांब बाकावर झोपायचो, अंगावर चित्रकलेच्या बाईंची शाल, उठलो की कुणाच्या ना कुणाच्या डब्यातली वडी माझ्यासाठी ठेवलेली असायची. २०१९ च्या पुरात शाळेत माणसं आणून ठेवलेली तेव्हा याच सगळ्याजणी तुझ्याबरोबर उभ्या राहून चपात्या लाटत होत्या, तेव्हाच तुझा गुडघा दुखायला लागलेला आणि तू कुणाला सांगितलं नाहीस. ऑपरेशनला तरी तू माझ्या सांगण्यानं कुठं तयार झालीस? आजीचं जे झालं ते तुझ्या डोळ्यासमोर होतं, म्हणून तू घाबरत होतीस. शिपाई मावशींनी येऊन साडी वर करून दोन्ही गुडघ्यांवरच्या ऑपरेशनच्या उभ्या रेघा दाखवल्या, "बाई, हात लावून बघा, भ्या काय त्यात" म्हणल्या, आणि दुसऱ्या दिवशी तू मला फोन करून तारीख घे म्हणालीस. मावशींचे हे उपकार मी विसरणार नाही.

बाबा, तुमचं पण. उद्यमनगरात आयुष्यभर लेथवर काढल्यावर एक्सरे बघून "फिटिंग लेव्हलला बसलंय" असं तुम्ही म्हणालात तेव्हा आईला डॉक्टरांपेक्षा जास्त धीर आला. कोबाल्ट क्रोमचा धातू आणि मधे पॉलिथिलीनची गादी हे तुम्ही तिला जसं समजावलंत तसं मला जमलं नसतं. पैशाचा विषय मात्र परत काढायचा नाही. २०१७ ला सरकारनं या सांध्यांच्या किमतीला मर्यादा घातली त्यामुळं आपल्याला झेपण्यातलं होतं, आणि नसतं तरी केलंच असतं.

आता मी सांगतो ते दोघांनी ऐकायचं. आई, गुडघ्याखाली उशी घ्यायची नाही, कितीही बरं वाटलं तरी, उशी फक्त टाचेखाली, म्हणजे गुडघा सरळ होतो. दुखायची गोळी व्यायामाच्या अर्धा तास आधी घ्यायची, "सहन होतंय की" म्हणून टाळायची नाही. बर्फ टॉवेलात गुंडाळून, पंधरा-वीस मिनिटं. गुडघा गरम लागतो, रेघेच्या बाहेरच्या बाजूला बधिर वाटतं, संध्याकाळी सूज येते, हे काही महिने राहणार, त्याला घाबरू नकोस. पण पोटरी दुखली, सुजली, ताप आला, जखमेतनं पाणी आलं तर मला फोन करत बसायच्या आधी डॉक्टरांना करायचा, आणि दम लागला किंवा छातीत दुखलं तर सरळ दवाखाना गाठायचा, रात्र असली तरी. रक्त पातळ व्हायची गोळी डॉक्टर बंद करा म्हणेपर्यंत चालू. विळीवर बसायचं नाही, भाजी टेबलावर सुरीनं, देवपूजा खुर्चीत बसून, अंबाबाई रागवणार नाही. घरात कोल्हापुरी चप्पल नको, तिचा तळ फरशीवर सरकतो, मी आणलेली रबराचीच घालायची. जिना एकटीनं नाही. सरांचं लक्षात ठेव, चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा.

बाबा, स्कूटर सोप्यातनं बाहेर काढा, तिथं आई चालते. गंगावेशेत दुधाला जाताना शेजारच्या वहिनींना सांगून जायचं. आणि तुमच्या स्वतःच्या बीपीच्या गोळ्या! डबी मी उघडून बघणार आहे.

दिवसभराच्या बाईंचं पक्कं झालंय, सोमवारपासून येतील, अंघोळीला मदत, कपडे, दुपारचा स्वयंपाक. आई, त्यांच्या मागं मागं फिरायचं नाही, भांडं कसं घासलं ते बघायला. कमोडवरची उंच सीट मी येताना आणतोय. वेलदोड्याची पूड संपली म्हणालीस, तीपण आणतो, आणि तुझा तो मऊ गाऊन.

अंबाबाईच्या किरणोत्सवाचं विचारत होतीस, मावळतीची किरणं देवीवर पडतात त्याचं. नोव्हेंबरात ९, १०, ११ ला गर्दी फार असते, त्या दिवसांत नको, त्यानंतर एका सकाळी मी स्वतः सुट्टी काढून देवळात नेतो, तोवर काठीवर आलेली असशील. पुण्याची खोली तशीच ठेवलीय, पिल्लूनं लिहिलेलं पण काढलेलं नाही. फक्त तिथं चालत यायचं.

बाबा, एक्सरेची फाईल आणि गोळ्यांची चिठ्ठी एकाच पिशवीत घालून फ्रीजवर ठेवा, रविवारी मला लागणार आहे. आणि सगळ्यांना सांगा, रविवारी संध्याकाळी जेवायलाच थांबायचं, तांबडा-पांढरा मी करतो, शाकाहारीवाल्यांना वांगं. आई, तू फक्त खुर्चीत बसून मीठ सांगायचं.

तुमचा
बाळू