शोरूममधल्या ताईंना, झाडीपट्टीतल्या पेंटरचं पत्र

ताई, नमस्कार जी.

तुमचं नाव इथं लिहीत नाही. जिना उतरताना तुम्हीच म्हणालात ना, "माझं नाव कुठं घेऊ नका, नाहीतर मालक विचारतील, दिवसभर बसवून ठेवलेल्या या गिऱ्हाइकाचं बिल कुठं आहे?" म्हणून नुसतं ताई. तुमच्या फरशी-लाकडाच्या शोरूमच्या पत्त्यावर पाठवलं असतं तर पाकीट मालकांनीच फोडलं असतं, तेव्हा हे उघडंच लिहितो. ओळख पटेल तुम्हाला. गेल्या वर्षी पोळ्याच्या आठवड्यात, भर पावसात, चिखलाच्या चपला घालून आणि प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला रंगवलेल्या कापडाचा तुकडा घेऊन आलेला तो ब्रह्मपुरीकडचा पेंटर. चपला बाहेर काढू का म्हणून विचारलं, तर तुम्ही म्हणालात, "राहू द्या. फरशी दाखवायलाच लावली आहे, चिखलात कशी दिसते तेही कळेल."

त्याच्या अर्धा तास आधी दुसऱ्या एका दुकानाच्या दारातूनच मला परत फिरवलं होतं. "माल घ्यायचा आहे का?" "नाही जी, बघायचा आहे." "मग पुढे व्हा." त्या वॉचमनचंही चुकलं नाही म्हणा. नुसतं बघणाऱ्याचं तिथं काय काम?

मी कशासाठी आलो होतो ते त्या दिवशी धड सांगता आलं नाही, म्हणून आता सांगतो.

आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे वैनगंगेच्या दोन्ही अंगांना, धान निघालं की नाटकं सुरू होतात. दिवाळीनंतर गावोगाव मंडई म्हणजे जत्रा भरते, कुठं शंकरपट, म्हणजे बैलांची शर्यत असते, आणि रात्री नाटक. वडशाच्या नाटक कंपन्या आज या गावात तर उद्या त्या गावात. रात्री पडदा उघडतो आणि नाटक संपतं तेव्हा ढोरं सोडायची वेळ होत आलेली असते. लोक तिकीट काढून, ब्लँकेट पांघरून रात्रभर बसतात. २०२३ साली परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा झाडीपट्टी रंगभूमीचं नाव पेपरात आलं होतं, तुम्ही वाचलं असेल. त्या रंगभूमीच्या मागच्या भिंती रंगवणाऱ्यांपैकी मी एक. बाबा बैलबंड्या आणि दुकानांच्या पाट्या रंगवायचे, सीझनला पडदे. मी पडदेच जास्त.

पाटलाचा वाडा, गरिबाची झोपडी आणि खलनायकाचा बंगला, या तीन घरांवर आमची अर्धी नाटकं उभी आहेत. वाडा मला डोळे मिटून काढता येतो, झोपडीचं तर विचारूच नका. बंगला मात्र मी कधी आतून पाहिला नव्हता. बाबा काढायचे तसाच काढायचो: दोन सिंह, मधे कारंजं, लाल गालिच्याचा जिना आणि जिन्याच्या दोन्ही बाजूंना संगमरवरी खांब. इतकी वर्षं तो खपला. मग एका मंडईला नागभीडजवळच्या गावात नाटक संपल्यावर एक पोरगा स्टेजमागे आला. हैदराबादेत फरशी बसवायच्या कामाला आहे, सणाला गावी आलेला. खांबाजवळ वाकून म्हणाला, "पेंटरभाऊ, हा संगमरवर होय, का शेवया वाळू घातल्या बापा?"

सगळे हसले. मीही हसलो. मग टेम्पोत फ्लॅट, म्हणजे रंगवलेल्या भिंतींच्या चौकटी, चढवताना बॅटरीच्या उजेडात नीट पाहिलं. शेवयाच होत्या.

तर उमरेडमार्गे एसटीने नागपूरला आलो तो त्या शेवयांपायी.

तुम्ही तो कापडाचा तुकडा टेबलावर उलगडलात आणि हसला नाहीत, हे मी अजून विसरलो नाही. उठून मला मागच्या बाजूला उभ्या लाद्यांच्या रांगेत नेलंत. एकीकडे इटलीतल्या करारा गावचा पांढरा, दुसरीकडे आपला मकराण्याचा. मी आधी पाठीमागची चिठ्ठी शोधायला लागलो, तर तुम्ही म्हणालात, "भाव नंतर. आधी हात लावा." हात लावला. मडक्यातल्या पाण्यासारखा गार. तुम्ही सांगितलंत की हा मुळात चुनखडीचा दगड, जमिनीच्या पोटात उष्णतेने आणि दाबाने पालटलेला, आणि त्यात मिसळलेली माती, लोखंड यांच्याच या शिरा. मग माझं बोट धरल्यासारखं एका शिरेवरून नेलंत. ती एका बाजूने जाड आली, मधेच धाग्याएवढी झाली, एके ठिकाणी तुटली आणि चार बोटं पुढे जाऊन पुन्हा उगवली. बाकीच्या शिरा साधारण तिच्याच ओढीने, उतारावरून पाणी वाहावं तशा. आणि त्यांच्या खाली, पातळ दुधात बुडालेल्यासारखे, करडे ढग. ते ढग मी कधी काढलेच नव्हते. माझी प्रत्येक शीर एका जाडीची, काळी कुळकुळीत, आणि टोकाशी व्यवस्थित गुंडाळलेली. शेवया नाही तर काय!

घरी आल्यावर पंधरा दिवस मी दुसरं काही केलं नाही. बायको म्हणाली, भिंत रंगवता का भिंतीशी बोलता? करून करून हे जमलं: पांढऱ्या डिस्टेंपरात काळ्याचे दोन थेंब आणि पिवळ्या मातीची चिमूट, कारण निव्वळ पांढरा रंग लाइटखाली चुना वाटतो. तो ओला असतानाच पाणी शिंपडून करडे ढग फडक्याने टिपायचे. मग शिरांसाठी ब्रश नाही, कोंबडीचं पीस. ते करड्या रंगात बुडवून, दोन बोटांत फिरवत, थोडं थरथरत ओढायचं. हात थरथरला की शीर खरी वाटते. माझा हात आता वयाने तसाही थरथरतो, तो पहिल्यांदा कामाला आला.

दोन लाद्या जोडून भिंतीवर मोठं फुलपाखरू उमटलेलं तुम्ही दाखवलं होतं, एकाच ठोकळ्यातून लागोपाठ कापलेल्या लाद्या पुस्तकासारख्या उघडून लावतात म्हणालात, तेही केलं. खाकी कागदावर शिरा काढल्या, सुईने भोकं पाडली, पुरचुंडीत गेरू घालून एका फ्लॅटवर ठोकला. मग तोच कागद पालथा करून शेजारच्या फ्लॅटवर. ही युक्ती आम्हा पाटीवाल्यांची जुनीच, अक्षरं उठवायची. तिच्यातून इटलीचा दगड निघेल हे बाबांच्या स्वप्नातही नसेल.

लाकडाच्या बाबतीत मात्र मला लाज वाटली, ती इथं कबूल करतो. तुम्ही सागाचा व्हिनियर दाखवलात. अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाडीचा खऱ्या लाकडाचा पापुद्रा, प्लायवर चिकटवलेला. ओंडका एका पद्धतीने कापला की डोंगरासारखी नक्षी उमटते, चार फाळ्या करून कापला की सरळ उभ्या रेघा. त्या पापुद्र्यावर लोक किती वेळ हात फिरवत उभे होते! आणि आम्ही सागाच्या मुलखातले. आलापल्लीचं जंगल आमच्याच बाजूला. २०२३ मध्ये अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी बल्लारपूरहून सागवान गेलं ते मिरवणूक काढून. अशा भागात मी हाताने किती सागवानी दारं निळ्या आणि हिरव्या ऑइलपेंटने झाकली असतील, मोजदाद नाही. दर दोन दिवाळ्यांनी एक हात. लोक सांगायचे, मी मारायचो. आता कोणी दार रंगवायला बोलावलं तर आधी एक कोपरा खरवडून दाखवतो. दहांतले नऊ तरीही निळाच मागतात. मागोत.

लॅमिनेटची गंमत वेगळी. तुम्ही तुकडा मोडून त्याची कड दाखवलीत. आत खाकी कागदाचे थर राळेत भिजवलेले, वर लाकडाचं चित्र छापलेला एक कागद, त्याच्यावर पारदर्शक थर, आणि सगळं गरम दाबाखाली एकजीव. मी म्हणालो, "म्हणजे हेही रंगवलेलंच की!" तुम्ही इकडेतिकडे पाहून हळूच म्हणालात, "हळू बोला. आम्ही पण नाटकच करतो." ताई, त्या वाक्याने माझा ताठा परत आला. सकाळपासून मी चोरासारखा फिरत होतो, खऱ्या वस्तूंमध्ये खोटं शिकायला आलेला. त्यानंतर मी त्या हॉलमध्ये कामावरच्या माणसासारखा चाललो.

मग तुम्ही त्या सजवलेल्या बैठकीतल्या ट्यूबलाइट बंद केल्यात आणि छताच्या कडेत लपवलेली पट्टी तेवढी ठेवलीत. खोलीच बदलली. दगड मऊ दिसायला लागला. पट्टीवर ३००० केल्विन लिहिलं होतं, आमच्या घरच्या पांढऱ्या बल्बवर ६५०० असतं, आणि आकडा जितका कमी तितका उजेड पिवळा, हे उलटं गणित मला तीनदा विचारावं लागलं. आमच्याकडे पिवळा उजेड म्हणजे जुना बल्ब, लोडशेडिंग, कंदील. एलईडी आल्यावर गावाने पांढऱ्याफेक उजेडालाच श्रीमंती मानली. आणि इथं नागपुरात लाखो खर्चून लोक परत कंदिलाच्या रंगाकडे चाललेले. हसू आलं, पण पटलंही.

एक गोष्ट मात्र कंपनीत पटवून देताना माझी दमछाक झाली. तुम्ही म्हणाला होतात, महागड्या खोलीत आधी रिकामी जागा दिसते, वस्तू नंतर. आणि दार छतापर्यंत नेलं, वर चौकटीची पट्टी ठेवली नाही, की बुटकी खोलीही उंच वाटते. आमचं स्टेज बुटकंच असतं. म्हणून मी सिंह, कारंजं, फुलदाण्या सगळं काढून टाकलं आणि दार थेट वरच्या झालरीपर्यंत ओढलं, उभ्या रेघांच्या सागाचं. दिग्दर्शक भडकले. "पैसा दिला तर तो दिसला पाहिजे ना भाऊ! रिकामी भिंत पाहायला लोक तिकीट काढतात काय?" दोन दिवस अबोला. शेवटी एक सिंह ठेवायची तडजोड झाली. तो कोपऱ्यात आहे, सोफ्याच्या मागे. तुम्ही आलात तर तिकडे पाहू नका.

आजकाल आठ बाय चारचे चकचकीत पीव्हीसी मार्बल पॅनल आमच्या तालुक्यातही मिळतात. निर्माते म्हणाले तेच लावू, कष्ट कशाला? एक आणून लावूनही पाहिला. समोरून लाइट पडला की सगळा झोत परत पहिल्या रांगेच्या डोळ्यांत. डिस्टेंपर उजेड पितो. विषय संपला.

कार्तिकात पहिला प्रयोग झाला. दुसऱ्या अंकात बंगला उघडला, मी विंगेत दोरी धरून उभा. छताची पट्टी पेटली आणि पेंडॉलमध्ये क्षणभर कोणी बोललंच नाही. टाळ्या वगैरे काही नाही हो, टाळ्या पुढे खलनायकाने पहिली शिवी घातली तेव्हा पडल्या. पण ती जी क्षणभर गप्प झाली माणसं, ती मी मोजली. पहाटे नट मेकअप पुसत होते तेव्हा तोच हैदराबादवाला पोरगा स्टेजवर चढला. काही बोलला नाही. भिंतीजवळ गेला आणि पंजा टेकवला. गार लागतो का ते पाहत होता. मग हात उलटा करून पाहिला, पंजाभर पांढरं लागलेलं. तो मटकन खालीच बसला, हसत.

तुम्ही त्या दिवशी माझ्यासाठी पाच तास घालवलेत. चहा दोनदा पाजलात. आणि जाताना जुन्या कॅटलॉगांचा गठ्ठा आणि बंद झालेल्या नमुन्यांची अर्धी गोणी दिलीत, पोऱ्याला सांगून ऑटोपर्यंत पोचवलीत. त्या तुकड्यांकडे पाहून माझी पुतणी आता रंग मिसळायला शिकते आहे. "काका, हा अक्रोड जास्त लाल आहे" म्हणते. अक्रोडाचं झाड तिने पाहिलेलं नाही, मीही नाही.

एक गोष्ट मात्र राहिली. गोणीत एक बिस्किटी रंगाचा दगडाचा तुकडा होता, अंगभर बारीक भोकं असलेला. मला वाटलं किडका म्हणून टाकून दिला असेल. वाईट दिसतो म्हणून मी त्याची सगळी भोकं पुट्टीने बुजवून, घासून, चकचकीत करून टाकला. गेल्या महिन्यात कॅटलॉग चाळताना कळलं की तो ट्रॅव्हर्टाइन, ऊन पाण्याच्या झऱ्यांशी साचत गेलेला दगड, आणि ती भोकं त्याची मूळचीच. मागच्या चिठ्ठीवर 'बंद'चा शिक्काही नाही, म्हणजे तो चुकून आला आणि तुमच्या बोर्डावर त्याची जागा रिकामी असणार. रोज रात्री जेवण झाल्यावर दाभण घेऊन पुट्टी कोरत बसतो. अर्धी भोकं मोकळी झाली आहेत. यंदा मंडईला या, स्वेटर घेऊन या, पास मी काढून ठेवतो. तोवर बाकीची अर्धी मोकळी करतो, तुकडा हातातच देईन.

तुमचा,
पेंटर